चालवताना काय दिसलं

जठारपेठ, अकोला
२४ एप्रिल २०२६

कुलदीपराव,

वर नमस्कार नाही. तो विसरलेला नाही. मोबाईलवर तुम्ही मला ब्लॉक केलंत म्हणून कागदावर लिहितो. स्पीड पोस्टाला ब्लॉक करता येत नाही, सही देऊन घ्यावंच लागतं.

आधी कामाचं. टेस्ट-टूलच्या फ्लॅगांचं आपलं जे मराठी पुस्तक चाललं आहे, त्यातलं 'फेलफास्ट'चं पान तुम्ही मंगळवारी सामायिक फोल्डरमध्ये चढवलंत. आमच्या अपेक्षाचा, तुमच्या बायकोचा, जबडा सोमवारी मोडला. म्हणजे दुसऱ्याच दिवशी तुम्ही कामाला बसलात. हे मी लक्षात ठेवलं आहे.

पान वाचलं. ते तुम्ही चालवून लिहिलेलं नाही.

मला कसं कळलं ते सांगतो. पुस्तकाच्या पहिल्या पानावर मीच लिहून ठेवलं आहे, अगदी मोर्शीच्या आयटीआयतल्या पोराला कळेल असं: प्रोग्राम नीट चालतो की नाही हे पाहणाऱ्या छोट्या चाचण्या असतात, त्या चालवायचा आदेश काळ्या पडद्यावर टाइप करायचा, त्या आदेशामागे आडवी रेघ देऊन जी सूचना लावायची, तिचं नाव फ्लॅग. प्रत्येक फ्लॅगच्या पानाचे भाग तीन. काय करतो. काय करत नाही. चालवताना काय दिसलं. पहिले दोन इंग्रजीतून कोणीही उतरवील. तिसरा उतरवता येत नाही. म्हणून आपला नियम: ज्यानं चालवलं त्यानंच लिहायचं. हा नियम मी केला, आणि तुम्ही आणि अपेक्षा माझ्याकडे शिकत होता तेव्हा तुम्हा दोघांकडूनही तो पाळून घेतला.

तुमच्या तिसऱ्या भागात एकच ओळ आहे: 'योग्य तो परिणाम दिसतो.' कुठला योग्य? आणि पहिल्या भागात तुम्ही म्हणता, पहिली चाचणी नापास झाली की सगळं जागच्या जागी थांबतं. नाही थांबत. फेलफास्ट नवी चाचणी सुरू करत नाही, एवढंच. शेजारी आधीच सुरू झालेल्या चाचण्या असतील तर त्या शेवटापर्यंत जातात. दोन चाचण्या बरोबर लावून पाहिल्या असत्या तर दिसलं असतं. तुम्ही पाहिलं नाही. लिहून टाकलं.

मी दहावी. माझं मोटार वाइंडिंगचं दुकान. इंग्रजी मी पंपाच्या खोक्यांवरचं वाचून शिकलो आणि प्रोग्रामिंग, गिऱ्हाइकानं टाकून दिलेला संगणक दुरुस्त करून. माझ्या पुस्तकात असं पान जाणार नाही. पुन्हा चालवा, पुन्हा लिहा.

आता दुसरं. अपेक्षा आमच्याकडे आहे. जबडा डाव्या बाजूला मोडला आहे, डॉक्टरांनी वरचे-खालचे दात तारेनं एकत्र बांधले आहेत. दीड महिना तोंड उघडायचं नाही. नळीनं मुगाचं पाणी पिते. ती म्हणते, घसरून बाथरूमच्या दारावर पडले. तुम्हीही तिच्या आईला तेच सांगितलंत, शब्दाला शब्द.

साईनगरच्या तुमच्या घराचं ते दार मी स्वतः अमरावतीला येऊन बसवलेलं आहे. ते आत उघडतं. बाहेरून घसरत आलेल्या माणसाला त्याची कड लागत नाही.

सध्या माझा विश्वास ना तुमच्यावर, ना तिच्यावर. चालवून पाहिल्याशिवाय मी काही मानत नाही.

श्रावण ताथोड


जठारपेठ, अकोला
९ मे २०२६

कुलदीप,

तू माझा विद्यार्थी होतास तेव्हा मी तुला 'का बे कुल्या' म्हणायचो. जावई झालास आणि 'तुम्ही' झालास. आमच्यात जावई दारात आला की सासरा खाटेवरून उठतो. मी उठत आलो. आज बसून लिहितो आहे.

चालवून पाहिलं.

दुपारची वेळ होती. कूलरसमोर अपेक्षा बसली होती, तिची आई चंदा तिच्यासाठी मूग गाळत होती. मी विचारलं, "नीट सांग, कशी पडली?"

दात बांधलेले आहेत, त्यामुळे ती ओठांतून बोलते. म्हणाली, "बाबा, सांगतलं ना. दाराले लागलं."

"कोणत्या?"

"बाथरूमच्या."

"ते आत उघडते, बाई."

"मंग आत लागलं."

चंदा तिकडून म्हणाली, "तोंडाले तार बांधली पोट्टीच्या, अन् तुमी तिले बोलाले लावून रायले. लाज आहे का काही?"

"लाज नाही, खात्री पाहिजे," मी म्हणालो. अपेक्षाला उठवून चौकटीशी उभं केलं. म्हटलं, "तू इथं उभी राय. मी दार. कड कुठून आली ते पाहू दे."

उजवा हात उचलला. दाराची कड दाखवायला, तळवा उभा धरून. माझ्या खांद्यापर्यंतही गेला नसेल.

ती तिथे नव्हतीच. म्हणजे होती, पण खाली. गुडघे मुडपलेले, दोन्ही कोपरं तोंडावर, हनुवटी छातीत. आणि डावी बाजू भिंतीकडे वळवलेली. मोडलेली बाजू आत, चांगली बाजू माझ्याकडे. नीट वाच हे. ज्याला पहिल्यांदा मार बसतो तो आधी चकित होतो. उभाच राहतो. ही चकित झाली नाही. हिला हाताचा अंदाज होता, वेळेचा होता, कुठली बाजू द्यायची याचाही होता. मग तिच्याखालून फरशीवर पाणी पसरलं. तोंड बांधलेलं, त्यामुळे आवाज आला तो नाकातून.

चंदानं हातातलं उलथनं फेकून मारलं. मला. भुवईच्या वर लागलं, टाके घालावे लागले. "बाप आहे का कसाई," म्हणाली. मला ते बोलणं लागलं नाही; मी जे केलं ते बरोबरच होतं. दुसऱ्या कुठल्याही मार्गानं ते कळलं नसतं. आता मी खोलीत शिरलो की अपेक्षा भिंतीकडे सरकते. सरकू दे. कळलं तर खरं.

मग डॉक्टरांना पुन्हा गाठलं. त्यांनी छातीचाही फोटो काढला होता. म्हणाले, बरगडी जुनी मोडलेली आहे, आपोआप वाकडी जुळली आहे. तुझ्या आई पार्वताबाई दर रविवारी चंदाला फोनवर सांगायच्या, 'सून मजेत हाये.' आपलं टूल काय करतं तुला ठाऊक आहे. काही बदललं नाही असं वाटलं की ते चाचणी चालवतच नाही; जुना निकाल काढून दाखवतं: पास. काउंटचा फ्लॅग लावून 'एकदा' असं म्हणावं तेव्हा ते खरं चालवतं. तुझ्या आई जुना निकाल वाचून दाखवत होत्या.

आता तुझ्या हाताबद्दल. मोघम धमकी देणं मला आवडत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. दुकानात बाकाला वाइस आहे, मोटारीचा शाफ्ट आवळून धरायचा लोखंडी शिकंजा. त्याच्या जबड्यात तुझं मनगट मावेल. दांडा अर्धा फिरवला की कातडी पांढरी पडते. आणखी थोडा फिरवला की बोटं आपोआप उघडतात, मूठ राहत नाही. तिथे थांबायचं आणि माणसाला विचारायचं, किती वेळा मारलंस. तो 'एकदाच' म्हणेल. मग दांडा पुढे. हाड काडीसारखं मोडत नाही, ओल्या फोकासारखं चिरफाळतं. मधेच माणूस ओकतो. ओकू द्यायचं, तोंड धुऊन पुन्हा विचारायचं. जीव जात नाही. फक्त तो हात पुन्हा कोणावर पडत नाही.

हे इथवर लिहिलं आणि मोर्शीहून तुझ्या मामांचा, वामनरावांचा फोन आला. मी उचलला.

"श्रावणराव, पोट्टं चुकलं जी," ते म्हणाले. "आता धोंड्याचा महिना लागून रायला. जावयाले बोलवा, जेवू घाला, वाण द्या, अन् पोरीले संग पाठवा. लोकं हसून रायले."

"कोणाले हसून रायले?"

"दोघायले."

"मंग या," मी म्हणालो.

तर पुन्हा तुम्ही. अधिक महिना १७ मेपासून आहे. धोंड्याचं जेवण रविवारी, २४ मे रोजी दुपारी, आमच्या घरी. आई आणि मामांना घेऊन या. वरचं सगळं मी खोडलेलं नाही, लिहिलेलं मी खोडत नाही. ते वाचूनही तुम्ही याल, कुलदीपराव. 'मास्तर नुसते बोलतात' असं तुम्ही अपेक्षाला नेहमी म्हणायचात. आणि पोरीचा बाप शेवटी वाकतो, ही तुमची खात्री आहे.

श्रावण ताथोड


जठारपेठ, अकोला
१ जून २०२६

कुलदीप भुयार यास,

हे पत्र ठाण्यात दाखवायचं असेल तर दाखव. वकील म्हणाले लिहू नका; मी लिहितो, कारण जे झालं ते माझ्या हातानं लिहिलेलं असलं पाहिजे.

२४ मेला दुपारी तुम्ही तिघं आलात. मी खाटेवरून उठलो. तुला पाट दिला, उजव्या हाताला तुझे मामा, डाव्या हाताला आई. चंदानं पाय धुवायला पाणी दिलं. बाहेर अंगारासारखं ऊन होतं, आत पुरणाचे धोंडे तळणं चाललं होतं. घरभर तेलाचा वास होता.

बोलणं तुझ्या आईनं काढलं. "भांड्याले भांडं लागते," म्हणाल्या. "आमी काय कमी खाल्ला का मार? म्हणून काय माहेरी जाऊन बसलो?"

तू म्हणालास, "मास्तर, एकदाच झालं. टेन्शन होतं कामाचं. मी माफी मागतो ना."

मी विचारलं, "एकदाच?"

"शपथेवर."

बरगडीचा फोटो कपाटात होता, तो काढला नाही. मला तुझं म्हणणं पुरतं ऐकून घ्यायचं होतं.

मग चंदानं रीत म्हणून अपेक्षाला वाढायला पाठवलं. मी नको म्हणालो होतो. पोरगी स्वतःच म्हणाली, "मी वाढते." धोंडे कढईतून तसेच परातीत, आणि परातीतून झाऱ्यानं तुझ्या ताटात. एक वाढला, दुसरा वाढला. तिसऱ्याला तू 'पुरे' म्हणून हात वर केलास. मारायला नाही, हे मी कबूल करतो. कोणीही जेवणारा करतो तसा.

परात सुटली. गरम धोंडे फरशीवर घरंगळले. अपेक्षा ताटाशेजारी खाली, कोपरं तोंडावर, डावी बाजू भिंतीकडे. अगदी तशीच. घास घेतलेले तुझे मामा तोंड उघडंच ठेवून बघत होते. तुझ्या आईनं मान खाली घातली. म्हणजे त्यांना नवं नव्हतं.

आणि तू हसलास. म्हणालास, "पाहा ना मामाजी, अशी नौटंकी करते ही. रोजची आहे."

त्यानंतर मी तुला मारलं. आधी झाऱ्यानं, मग मधल्या दारामागे ठेवलेल्या सब्बलीनं, म्हणजे लोखंडी पहारीनं. ती सब्बल मी दुकानातून आदल्या दिवशीच आणून ठेवली होती. म्हणजे ठरवून मारलं, हेही जबाबात लिहून घ्या असं मी फौजदारांना सांगितलं. मारहाण झाली. तुझे पुढचे दात गेले, उजवा हात मोडला, डोकं फुटलं. योग्य तेवढी इजा झाली.

अपेक्षा तेव्हा आत होती, आईजवळ. तिचा काही संबंध नाही.

मला त्याच दिवशी नेलं, नंतर जामीन झाला. फौजदार म्हणाले, तुझा जबाब आणि माझा जबाब जुळतो. तूही सांगितलंस, सासऱ्यानं मारलं. तुझ्या आईनंही तेच सांगितलं. इतकी वर्षं आपण एकत्र काम केलं, एका पानावर कधी आपलं मत जुळलं नाही. इथे जुळलं. जुळू दे. पुढे ते बदलू नकोस. बदलून तुलाही काही मिळणार नाही, मोर्शीत तोंड दाखवायचं आहे तुला.

इकडची हवा तुला माहीत असावी म्हणून सांगतो. जठारपेठेत मी रस्त्यानं निघालो की लोक दुकानातून उठून नमस्कार करतात. पानवाला पैसे घेत नाही. एक म्हातारा गृहस्थ, ज्यांचा पंप मी कधी वेळेवर दिला नाही, ते दुकानात येऊन म्हणाले, "बाप असावा तर तुमच्यासारखा." मी म्हटलं, जे करायचं ते केलं.

श्रावण ताथोड


जठारपेठ, अकोला
१४ जून २०२६

कुलदीप,

माझा जबाब मी मागे घेतला आहे. तुझा तुला आता जड जाईल, म्हणून कळवतो.

अपेक्षाची तार निघाली. जबडा अजून पुरता उघडत नाही, पण बोलता येतं. पहिल्या दिवशी ती आईशी बोलली. दुसऱ्या दिवशी भाकरीचा कुस्करा खाल्ला. तिसऱ्या दिवशी दुकानात आली. मी एका पंपाची जुनी कॉइल कापत होतो. दारात उभी राहिली, आत आली नाही.

"बाबा, तुमचा जबाब वाचला मी."

"कोठं?"

"वकिलाकडं. त्यात तिसरा भाग नाही."

मी छिन्नी खाली ठेवली.

ती म्हणाली, "झाऱ्याचा पहिला घाव कुठं बसला?"

"तोंडावर."

"ते दवाखान्याच्या कागदावर आहे. दाताचा तुकडा कुठं पडला?"

मला माहीत नव्हतं.

"कढीच्या वाटीत," ती म्हणाली. "अन् झारा कशानं वाकला?"

मी छिन्नी पुन्हा उचलली.

"तुमी सांगूच शकत नाही. तुमचं तोंड दाराकडं होतं. मामाजी बाहेरचं दार उघडाले कडी ओढून रायले होते, अन् तुमी ती धरून उभे होते. तुमी काहीच पायलं नाही. तुमी लिहिलं, 'मारहाण झाली. योग्य तेवढी इजा झाली.'" ती थांबली. जबडा दुखला की ती अशी थांबते, गालाला हात लावून. "त्यानं पान असं लिहिलं तर तुमी त्याले स्पीड पोस्टानं शिव्या घातल्या. चालवलं मी, अन् लिहिणार तुमी?"

मी म्हणालो, "तुझ्यासाठी केलं ना, बाई. तुले आत जाऊ देऊ का मी?"

"माझ्यासाठी केलं, मंग पानठेल्यावर काहून सांगून रायले?"

मी कापलेली तार गोळा करू लागलो.

आणखी एक तिनं विचारलं. "सब्बल दारामागे कोणासाठी ठेवली होती?"

"माझ्यासाठी. मी मारणार होतो त्याले."

"किती वेळ बसले होते तुमी त्याच्यासमोर?"

जेवणाचा निम्मा वेळ. मी बसलो होतो, तू 'शपथेवर' म्हणालास तेव्हाही बसलो होतो. वाइस, मनगट, ओला फोक, एवढं सगळं तुला लिहून पाठवलेला माणूस पाटावर मांडी घालून कढी ओरपत होता. तुझं बरोबर निघालं. मास्तर नुसते बोलतात.

शुक्रवारी ती ठाण्यात गेली. मी बरोबर गेलो, पण तिनं मला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. खिडकी उघडी होती. सगळं ऐकू येत होतं.

फौजदार समजावून सांगत होते. "बाई, वडलांनी कबूल केलंय, नवराही तेच म्हणतो. तुम्ही कशाला अंगावर घेता?"

"घेत नाही साहेब. ते माझंच आहे."

"तुमच्यावर गुन्हा दाखल होईल."

"होऊ द्या. पण पुरं लिहा. मी मारलं, एवढंच लिहू नका. पहिल्यापासून लिहा."

"पहिल्यापासून म्हणजे?"

"सेमाडोहपासून."

सेमाडोहला तुम्ही लग्नानंतर फिरायला गेला होतात. आम्हाला तू वाघाच्या पावलाचा फोटो पाठवला होतास. चंदानं तो भावकीत सगळ्यांना दाखवला. बरगडी त्याच दिवसाची आहे. अपेक्षानं सांगितलं: गाडीत पुढच्या सीटवर ती बसली, ड्रायव्हरशी हसून बोलली, खोलीवर आल्यावर तू बूट काढायच्या आधी लाथ घातलीस. बूट कुठला, लेस कुठल्या रंगाची, खाली चटई होती की फरशी, सगळं तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तू तिला शिंकू नको म्हणालास, कारण शिंकलं की ती ओरडायची आणि शेजारच्या खोलीत ऐकू जायचं. मग साईनगर. हिवाळ्यात गरम इस्त्री, दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे बाही झाकते. मग तो सोमवार. फेलफास्टचं पान ती चालवून पाहत होती. तू आधीच लिहून ठेवलेलं होतंस. ती म्हणाली, "हे असं थांबत नाही, पाय ना, बाजूची चालूच आहे." तू लॅपटॉप मिटलास, आणि तोच उचलून खालून वर मारलास. हनुवटीच्या डाव्या बाजूला. दार कुठेच नव्हतं.

मंगळवारी तू पान चढवलंस.

मग २४ मे. तेही तिनं तसंच सांगितलं, आवाज न चढवता. खाली बसलेली असताना तुझं हसू ऐकलं. झारा हातातच होता, तेलानं गरम. बसल्या जागेवरून पहिला मारला तो तोंडावर, तुझ्या गालाची कातडी झाऱ्याला चिकटून आली. तू हात मध्ये घातलास, दुसरा बोटांवर बसला. तिसरा चुकून पाटाच्या कडेला लागला, झारा वाकला तो तिथे. तू उठायला गेलास आणि सांडलेल्या धोंड्यांवरून घसरलास. तेव्हा तिनं दारामागची सब्बल घेतली. पहिली डोक्यात बसली, पण आडवी. उभी बसली असती तर तू हे वाचलं नसतंस. मग तुझा उजवा हात फरशीवर होता, आधाराला टेकलेला. त्यावर तिनं मारली. एकदा. आवाज झाला तो तिनं सांगितला, मी इथे लिहीत नाही, कारण तो मी ऐकला असूनही मागे वळून पाहिलं नाही. मग पुन्हा त्याच जागेवर. तिचे दात बांधलेले होते, त्यामुळे सगळं चाललं ते तिच्या तोंडून शब्द न निघता. ओरडत होतास तू, आणि तुझी आई.

लिहिणारे हवालदार मध्ये म्हणाले, "ताई, दुसऱ्यांदा मारलं हे लिहू का? पहिल्यात भागते."

"लिहा," ती म्हणाली. "झालं ते लिहा."

तुझे मामा वामनराव मोर्शीहून येऊन जबाब देऊन गेले. मला वाटलं होतं ते तुझ्या बाजूनं बोलतील. ते म्हणाले, "पोरानं हात वर केला अन् पोट्टी कशी दबली, ते म्या डोयानं पायलं. बाकी काय ते कोर्टानं पाहावं." जाताना मला म्हणाले, "श्रावणराव, कडी तुमी धरली होती, हे बी सांगतलं मी. राग नोको."

म्हटलं, बरोबर सांगितलं. माझ्या नव्या जबाबात तेवढंच आहे: सब्बल मी आणून ठेवली, कडी मी धरली, पाहिलं काही नाही.

आता तिच्यावरही गुन्हा आहे, माझ्यावरही, तुझ्यावरही. तिचा जामीन झाला. वकील म्हणतात वर्षं लागतील. ती म्हणाली, लागू द्या. परत त्या घरी जायचं नाही, एवढं झालं. जठारपेठेत मला आता कोणी उठून नमस्कार करत नाही. पानवाला पैसे घेतो. दोघं-तिघं हसलेही. अपेक्षा माझ्या खोलीत अजून येत नाही, पण काल मी दारावर उभा होतो तेव्हा भिंतीकडे सरकली नाही. मी हात पाठीमागे बांधून उभा होतो.

उद्या धोंड्याचा महिना संपतो. तुझं वाण कपाटात तसंच आहे, ते चंदा तुझ्या आईकडे पाठवून देईल. ठेवून घ्यायची रीत नाही.

पुस्तकातलं तुझं पान मी काढलं. त्या जागी अपेक्षाचं आहे. मी म्हणालो, शुद्धलेखन तपासून देतो. म्हणाली, लागत नाही. तुझ्या माहितीसाठी उतरवून देतो, एक शब्द न बदलता:

'फेलफास्ट. काय करतो: पहिली चाचणी नापास झाली की नवी चाचणी सुरू करत नाही. काय करत नाही: आधीच सुरू झालेल्या चाचण्यांना थांबवत नाही. चालवताना काय दिसलं: दोन चाचण्या बरोबर लावल्या. एक लगेच नापास केली. मला वाटलं आता पडदा शांत होईल. झाला नाही. दुसरी चालत राहिली, आणि तिचा निकाल येईपर्यंत मी समोर बसून होते.'

श्रावण ताथोड